गाडीला ठाऊक होतं

उज्ज्वला इंगवले एकसष्ट वर्षांच्या झाल्या, त्या रविवारी त्यांची मुलगी तेजल पुण्याहून कराडला आली. येताना तिनं हातात काहीच आणलं नव्हतं. भेट तिच्या मोबाइलमध्ये होती.

"खाली चला," ती म्हणाली. "गाडीत बसल्यावर दाखवते."

मल्हारपेठला तेजलच्या आत्याकडे जेवायला जायचंच होतं. तिघं खाली उतरली. पार्किंगमध्ये उज्ज्वलाबाईंची पांढरी गाडी उभी होती. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावरही खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून त्यांना बोलावणं यायचं आणि त्या कधी पाटण, कधी मसूर, कधी थेट कोरेगावपर्यंत स्वतः गाडी चालवत जायच्या. शेजारच्या सीटवर त्यांचे पती जयसिंगराव. त्यांना तरुणपणी फिट यायच्या, त्यामुळे त्यांनी लायसन्स कधी काढलंच नाही. लग्नानंतर स्कूटरवर बायको पुढे आणि ते मागे, नंतर गाडीत बायको उजवीकडे आणि ते डावीकडे. लोक हसायचे. या दोघांना त्याचं काही वाटलं नाही. उलट घरात न झालेली बोलणी गाडीत व्हायची.

तेजलनं मोबाइलवर काहीतरी दाबलं. "आई, तुझ्या गाडीची 'सोबत' सुरू केली मी. वर्षभरासाठी. चालवणाऱ्याच्या तब्येतीवर गाडी लक्ष ठेवते. डुलकी लागायला लागली, छातीत धडधडलं, की लगेच सांगते."

"आणि त्यासाठी काय बसवून घ्यावं लागणार?" जयसिंगरावांनी विचारलं.

"काही नाही पप्पा. सगळं आधीपासून बसवलेलंच आहे. नुसतं उघडायचं."

जयसिंगराव पाटबंधारे खात्यात आरेखक होते. ही गोष्ट त्यांच्या गळी कधीच उतरली नव्हती. त्या काळात कारखान्यातून प्रत्येक गाडी सगळं घेऊनच बाहेर पडायची. गरम होणारी सीट, घाटात स्वतः ब्रेक सांभाळणारं यंत्र, माणसाशिवाय गाडी चालवणारा संगणक, सगळं. वेगवेगळ्या गाड्या बनवण्यापेक्षा एकच गाडी बनवणं कंपनीला स्वस्त पडायचं. मग त्यातल्या एकेका सोयीला आतून कुलूप, आणि महिन्याचं भाडं भराल तेवढी कुलपं उघडणार.

"फ्लॅट विकत घ्यायचा आणि बाल्कनीचं दार उघडायला दर महिन्याला बिल्डरला पैसे द्यायचे, असला प्रकार आहे हा," ते म्हणाले.

"असू द्या हो. पोरीनं हौसेनं दिलंय," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांनी आरसा सारखा केला आणि बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली. सोबत सुरू झाली आहे. मागील नोंदी वाचत आहे.

"मागील?" जयसिंगराव म्हणाले. "सुरू तर आत्ता केलीय."

थोड्या वेळानं गाडी बोलली. आवाज बाईचा होता, मऊ. "उज्ज्वलाजी, ही माहिती खासगी आहे. इतरांसमोर सांगू का?"

"सांग की. घरचीच माणसं आहेत."

मग गाडीनं सांगितलं. गेल्या तीन वर्षांतल्या त्यांच्या गाडी चालवण्यात स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या खुणा दिसत होत्या आणि त्या वाढत गेल्या होत्या. त्यांनी लवकरात लवकर मेंदूच्या डॉक्टरांना भेटावं. आणि ही बाब आता अधिकृतपणे नोंदली गेल्यामुळे, नियमानुसार, डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत त्यांना गाडी चालवता येणार नाही.

उज्ज्वलाबाईंनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. मग ओढणीच्या टोकानं पडदा पुसला.

"बिघडली वाटतं," त्या म्हणाल्या.

शेवटी तेजल चालवायला बसली आणि उज्ज्वलाबाई मागे. पर्स मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. कोयनेचा पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "मागून रस्ता वेगळाच दिसतो गं." आत्याकडे त्या नीट जेवल्या, गप्पा मारल्या, सगळ्यांची विचारपूस केली. तेजल त्यांच्याकडे चोरून बघत होती. एकही नाव चुकलं नाही. तिला वाटलं, गाडीच चुकली असणार.

गाडी चुकली नव्हती. साताऱ्याच्या डॉक्टर नसरीन मोमीन यांनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले आणि गाडीनं दिलेला आलेख आपल्या पडद्यावर घेतला.

"सरळ रस्त्यावरसुद्धा आपले हात स्टिअरिंगचं चाक सारखं थोडं थोडं हलवत असतात," त्या म्हणाल्या. "आपल्याला पत्ताही नसतो. प्रत्येकाची ती हालचाल वेगळी, सहीसारखी. मेंदूच्या आत एक छोटासा भाग आहे, रस्त्यांचा आणि जागांचा नकाशा तिथं राहतो. हा आजार पहिला हात तिथं घालतो. माणूस बोलतो नीट, हिशेब बरोबर करतो, सगळ्यांना ओळखतो. पण तीस वर्षांच्या ओळखीच्या वळणावर त्याची नजर नवख्या माणसासारखी इकडंतिकडं फिरते आणि हात जरासे उशिरा वळतात. शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही ते जाणवत नाही. चाकातल्या सेन्सरला आणि समोरच्या कॅमेऱ्याला जाणवतं, कारण त्यांनी तेच वळण त्याच माणसाबरोबर शेकडो वेळा घेतलेलं असतं."

"औषध आहे ना आता?" तेजलनं विचारलं. "मी वाचलंय."

"आहे. पण ते गेलेलं परत आणत नाही. शिल्लक आहे ते राखतं. त्यामुळे फार लवकर सुरू करावं लागतं."

"किती लवकर?"

डॉक्टरांनी पडदा तेजलकडे वळवला आणि आलेखाची रेघ जिथं पहिल्यांदा वाकली होती तिथं बोट ठेवलं. ते आलेखाचं डावं टोक होतं, तीन वर्षांपूर्वीचं.

"आणि आता?"

"आता त्या औषधानं मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका जास्त. मी देणार नाही. दुसरं कुणी देतो म्हणालं तरी घेऊ नका."

जयसिंगराव टेबलाच्या काचेकडे बघत होते. उज्ज्वलाबाईंनी एवढंच विचारलं, "सामन्याला पंच म्हणून उभं राहता येईल?"

"काही महिने येईल. सोबत दुसरे पंच असू द्या."

"दोन पंच असतातच," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

तेजल पुण्यात एका प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम करायची. पुढचे कित्येक दिवस तिचं कामात लक्ष लागलं नाही. तिनं कंपनीला पत्रं लिहिली, फोन केले, आणि शेवटी तिला भेटीची वेळ मिळाली. समोर बसलेल्या अधिकारी बाईंचं नाव रोहिणी सबनीस. त्यांनी तेजलला पाणी दिलं, दार लावून घेतलं आणि सगळं न अडवता ऐकून घेतलं.

"तुमच्या आईबद्दल खरंच वाईट वाटतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला तीन वर्षं माहीत होतं."

"आम्हाला नव्हतं. संगणकात आकडे होते. ते कुणी माणसानं पाहिलेले नव्हते."

"पण नोंदी घेत होतात. तिनं 'सोबत' घेतलेली नसताना."

"नोंदी सगळ्याच गाड्यांच्या घेतल्या जातात. त्यावरच तर प्रणाली शिकते. पण कुणाच्या आजाराबद्दल त्याच्या संमतीशिवाय बोलणं हा गुन्हा आहे. ती संमती 'सोबत'च्या करारात असते. करार नाही, तर आम्ही तोंड उघडू शकत नाही."

"मग निदान एवढं सांगायचं, की काहीतरी आहे, बघा."

"सांगत होतो. पडद्यावर रोज येत होतं. तुमच्यासाठी एक महत्त्वाची सूचना आहे, सोबत सुरू करा."

तेजलला ते आठवलं. आईच्या गाडीत बसलं की ते वाक्य यायचं आणि आई अंगठ्यानं ते बाजूला सारायची. तिच्या मैत्रिणीच्या गाडीतही यायचं. ऑफिसच्या गाडीतही.

"ते तर सगळ्यांनाच येतं," ती म्हणाली.

"हो."

"ज्याला काहीही झालेलं नाही त्यालाही."

"हो. ती आमची जाहिरात होती," सबनीसबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नजर खाली घातली.

महिन्याभरात कंपनीकडून प्रस्ताव आला. माणुसकीच्या भावनेतून उज्ज्वलाबाईंच्या गाडीतली सगळी कुलपं कायमची उघडली जातील. बदल्यात त्यांनी कुठल्याही न्यायालयात दावा करायचा नाही. तेजलनं तो वाचून बाजूला टाकला. तोपर्यंत तिला अशी आणखी काही घरं सापडली होती, एक नाशिकचं, एक बेळगावचं, आणि सगळ्यांनी मिळून खटला भरायचं ठरत होतं. त्यात सगळ्यात स्पष्ट पुरावा होता तो आईच्या तीन वर्षांच्या आलेखाचा. पण तो प्रस्ताव आईच्या नावानं कराडलाही गेला होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती शनिवारी घरी पोचली तेव्हा उज्ज्वलाबाईंनी चहा पुढे ठेवला आणि सांगितलं, "मी सही केली."

तेजलला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती वडिलांकडे वळली. "पप्पा, तुम्ही करू कशी दिलीत?"

"माझी सही आहे, त्यांना काय विचारतेस," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "अजून माझं मला कळतंय."

"आई, आपण जिंकलो असतो."

"जिंकली असतीस तू. पण कधी? तोपर्यंत मी कोण असेन? निकाल लागला म्हणून मला पेढा द्याल आणि मी विचारीन, कशाचा?" त्या साध्या आवाजात बोलत होत्या, शाळेत संघ निवडताना बोलायच्या तशा. "माझ्याकडे जे दिवस बरे आहेत ते मला वकिलासमोर बसून घालवायचे नाहीत. मला यांना घेऊन फिरायचंय. मी चालवायची, यांनी शेजारी बसायचं. एवढंच मला येतं."

"तू चालवणार नाहीस आई. गाडी चालवेल. तू चालवतेस असं ती तुला भासवेल."

त्या गाड्यांत चाक आणि टायर यांच्यामध्ये लोखंडी दांडा राहिला नव्हता. चाक फिरवलं की तारेतून संदेश जायचा आणि मोटर टायर वळवायची. तो संदेश मध्येच तोडला, तरी चाक हाताला तसंच जड लागायचं, वळणावर तसंच ओढ घ्यायचं. नवशिक्यांना सराव म्हणून ही सोय केली होती. गाडी आपली आपण जायची आणि शिकणारा चाक धरून बसायचा. उज्ज्वलाबाईंनी ती सही करताना नेमकी हीच सोय विचारून घेतली होती.

"ते मला सांगितलंय सही घ्यायला आलेल्या माणसानं," त्या म्हणाल्या. "खोटं चाक आहे. असू दे. हाताला तर खरं लागतं."

"तीन वर्षं नेली त्यांनी तुझी. आणि तू त्यांना फुकट सोडून दिलंस."

"तेजू."

तेजल उठली. पिशवी तिनं उघडलीही नव्हती, ती तशीच उचलली. जिन्यात तिला वाटलं, आई हाक मारेल. हाक आली असती तर ती थांबली असती की नाही, हे तिला नंतर कधीच ठरवता आलं नाही.

आईच्या सहीमुळे तिला स्वतःला दावा करता येईना. पण नाशिकच्या आणि बेळगावच्या कुटुंबांसाठी ती कागद जुळवत राहिली, तज्ज्ञांना भेटत राहिली. दिवाळीला ती कराडला गेली नाही. संक्रांतीलाही नाही. फोन वडिलांना करायची. ते सांगायचे आणि ती ऐकायची.

सुरुवातीला बरं चाललं होतं. दोघं रोज दुपारी बाहेर पडायची. चाफळ, तळबीड, वाटेगाव. गाडी वळली की उज्ज्वलाबाई चाक वळवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, कसं घेतलं वळण." जयसिंगराव हसायचे. दोघांनाही ठाऊक असलेला तो खेळ होता.

मग एकदा जयसिंगरावांचा फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. "काल आम्ही घाटातून जाऊन आलो. आल्यावर तिनं खालच्या शिंदेवहिनींना सांगितलं, एवढा घाट चालवला पण हात दुखले नाहीत म्हणून. मला वाटलं मजेत म्हणतेय. तिचा चेहरा बघितला तर तसं नव्हतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"सांगायला हवं होतं पप्पा. नाहीतर तुम्ही तिला फसवताय."

"रोज सांगायचं? रोज तिनं नव्यानं ऐकायचं?" ते म्हणाले. "दर महिन्याला त्या 'सोबत'चा अहवाल येतो. हातांची हालचाल किती बिघडली, नजर किती चुकली. मी आता उघडत नाही. तू ये एकदा. रागव पाहिजे तर, पण ये."

"पुढच्या तारखेनंतर येते."

त्या तारखेनंतर दुसरी तारीख आली. एका तज्ज्ञाची साक्ष लांबली. तेजल स्वतःला सांगायची की हे सगळं आईसाठीच चाललंय, आणि ते खोटंही नव्हतं.

निकाल लागला तेव्हा दुसरा उन्हाळा संपत आला होता. गाडीला चालकाच्या जिवाशी संबंधित काही समजलं, तर ते भाडं भरलेलं असो वा नसो, त्याला विनामूल्य आणि स्पष्ट शब्दांत सांगावं लागेल. जाहिरातीत मिसळून चालणार नाही. न्यायालयाच्या आवारात नाशिकच्या घरातली सून तेजलच्या गळ्यात पडून रडली. तिच्या सासऱ्यांना जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. तेजलनं घरी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वारगेटहून कराडच्या एसटीत बसली. आईला समोर बसून सांगायचं तिनं ठरवलं होतं.

दार जयसिंगरावांनी उघडलं. ते वाळले होते. उज्ज्वलाबाई आतून आल्या. केस नीट विंचरलेले, पायात बूट, बाहेर निघण्याच्या तयारीत. तेजलकडे बघून त्या हसल्या.

"या, या. बसा."

"तेजल आलीय," जयसिंगराव म्हणाले.

"हो का? छान झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तेजलच्या मागे, जिन्याकडे पाहिलं. मग किल्ली घेऊन म्हणाल्या, "आम्ही निघालोच होतो. तुम्हाला वाटेत कुठं सोडायचंय का?"

जयसिंगरावांनी तोंड उघडलं. तेजलनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "चालेल," ती म्हणाली. "निसरे फाट्याला सोडा."

ती मागे बसली. उज्ज्वलाबाईंनी पट्टा लावला, जयसिंगरावांचा लागलाय का ते पाहिलं. जयसिंगरावांनी हळू आवाजात गाडीला ठिकाण सांगितलं आणि गाडी निघाली. उज्ज्वलाबाईंचे हात चाकावर होते. पुलापाशी गाडी उजवीकडे वळली तेव्हा त्यांनी चाक डावीकडे घेतलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. जयसिंगराव समोर बघत राहिले.

बराच वेळ गेल्यावर उज्ज्वलाबाईंनी आरशातून मागे पाहिलं. "पुण्याच्या का तुम्ही?"

"हो."

"माझी मुलगी असते तिथं. फार हुशार आहे. सध्या रागावलीय माझ्यावर."

"का?"

"मी कुठंतरी सही केली म्हणून."

"कशावर?"

उज्ज्वलाबाई विचार करत राहिल्या. रस्त्याच्या कडेला नांगर लावलेले ट्रॅक्टर थांबले होते, ते मागे गेले. "ते नाही आठवत बघा. पण तिनं चहा घेतला नव्हता. पिशवी उचलली आणि गेली. मी हाक मारणार होते. मग म्हटलं, राग शांत झाला की येईल आपली आपण."

जयसिंगरावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"येईल ती," तेजल म्हणाली.

"तुमची गाठ पडली तर सांगाल तिला? म्हणावं, मला राग नाहीये. मला फक्त गाडी चालवायची होती."

"सांगते."

"नक्की सांगा. मोठ्या शहरात माणसं विसरतात."

निसरे फाटा आला. जयसिंगरावांनी गाडीला थांबायला सांगायला हवं होतं, पण ते बोलले नाहीत. त्यांनी वळून मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मग ते पुटपुटले आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबली. उज्ज्वलाबाईंनी हातब्रेक ओढल्यासारखा केला.

"चला, आलं तुमचं ठिकाण," त्या म्हणाल्या.

तेजल उतरली आणि पुढच्या खिडकीपाशी आली. तिला आईच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तिनं फक्त दारावर ठेवला. उज्ज्वलाबाईंनी अनोळखी बाईकडे बघावं तसं अदबीनं तिच्याकडे पाहिलं.

"बघून रस्ता ओलांडा हं," त्या म्हणाल्या. "इथं गाड्या फार जोरात येतात."

गाडी पाटणच्या दिशेनं निघाली. जयसिंगराव मान वळवून मागे बघत होते, दिसेनासे होईपर्यंत. उज्ज्वलाबाई पुढे बघत होत्या, दोन्ही हात चाकावर ठेवून. तेजल फाट्यावर उभी राहिली. निकालाचं सांगायचं राहून गेलं होतं, आणि आता ते सांगायला कुणी उरलं नव्हतं.